किल्लीकाकांचं पिंप

बंद गोष्ट दिसली की किल्लीकाकांच्या बोटांना खाज सुटायची. लहानपणी त्यांनी परसात वाटाणे पेरले आणि रोज सकाळी उकरून पाहिले, कोंब आला का म्हणून. वाटाणे कंटाळून गेले, पण उगवले नाहीत. मोठेपणी काकांनी या खोडीचाच धंदा केला. बाजाराच्या कोपऱ्यावर हातभर रुंद दुकान, वर टांगलेली एक भली मोठी लाकडी किल्ली, आणि आत लोकांची कुलपं उघडून देणारे हे.

त्यांच्याच लग्नाच्या दिवशी नवरीच्या ट्रंकेची किल्ली हरवली, तर नवरदेवाने तिच्याच केसातली पिन मागून घेतली आणि चारचौघांसमोर कुलूप उघडून दाखवलं. नवरी खूश झाली. सासूबाईंनी मात्र त्या दिवसापासून कपाटाला दोन कुलपं लावली.

वर्षं अशी मजेत गेली आणि मग हात थरथरायला लागले. बेकरीवाल्याला करून दिलेली किल्ली त्याच्या दाराला लागेना, शेजारच्या शिंप्याच्या दाराला मात्र अलगद लागली. बेकरीवाला हसला, शिंपी हसला नाही. काकांनी दुकानाला कुलूप घातलं आणि घरी येऊन बसले.

घरी म्हणजे काकूंच्या मागे. भातावरचं झाकण उचल, डबे उघडून हुंग, दुधात डोकाव. काकूंचा भात त्या दिवसांत एकदाही धड शिजला नाही. वाफ भाताला मिळायच्या आधी काकांच्या चष्म्याला मिळायची.

एक दिवस लांबच्या एका गिरणीतून बोलावणं आलं. गोदामाचं कुलूप गंजून बसलं होतं. काकांनी तेल सोडून, गोंजारून ते उघडलं, तेव्हा मागे एक उंच टाकी त्यांच्या नजरेला पडली. दाणे काढून उरलेली मक्याची कणसं, जी लोक उकिरड्यावर टाकतात, ती या टाकीच्या पोटात जात होती आणि नळीतून निघणाऱ्या गॅसवर गिरणीचं इंजिन फिरत होतं. गिरणीच्या मिस्त्रीने समजावलं, की आगीला पोटभर हवा दिली तर कणसं जळून राख होतात. आग अर्धपोटी ठेवली तर कणसं तापतात, घुसमटतात आणि जळणारा गॅस सोडतात. म्हणून झाकण घट्ट हवं आणि मध्येच उघडायचं नाही. काकांनी सगळं मन लावून ऐकलं. शेवटचं वाक्य तेवढं कानाआड झालं, कारण तोवर ते त्या झाकणाकडे बघत होते.

घरी आल्या आल्या त्यांनी काकूंचं पाण्याचं लोखंडी पिंप पळवलं. खाली हवा फुंकायला छोटा पंखा, वरून नळी, मध्ये धूर गाळायला भुशाचा डबा, आणि टोकाला शेगडी. सगळं उघड्या अंगणात, कारण हा गॅस कोंडला तर माणूस झोपतो तो उठतच नाही, हे मिस्त्रीने बजावलेलं मात्र त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. भुसा, कणसं आणि काजळी यांनी अंगण असं सजलं, की वाळत घातलेली चादर काकूंना ओळखू येईना.

पहिल्यांदा ज्योत छान लागली. काकांना वाटलं, आत काय चाललंय बघावं. झाकण उचललं, हवा आत शिरली, भप्प झालं आणि डावी भुवई गेली. दुसऱ्यांदा त्यांनी खबरदारी घेतली, म्हणजे उजव्या बाजूने वाकून पाहिलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बरं झालं काका, एकच शोभत नव्हती."

काकूंनी मग निकाल दिला. रविवारी त्यांची बहीण आणि काकांचे साडू जेवायला येणार होते. भात आणि बटाट्याचा रस्सा पिंपाच्या गॅसवर शिजला तर पिंप काकांचं. नाही तर साडू जाताना ते टेम्पोत घालून भंगारात टाकतील. साडूंचं शेगड्या आणि सिलिंडरचं दुकान, त्यांना हे ऐकून फारच आनंद झाला. फोनवर म्हणाले, एक भरलेला सिलिंडर आणूनच ठेवतो, उपाशी परत जायला नको.

पिंप गेलं की आपण पुन्हा रिकामे, हे काकांना कळत होतं. रिकाम्या म्हाताऱ्याला घरात कुठं ठेवायचं हे कुणालाच उमगत नाही. कपाटात मावत नाही आणि बाहेर टाकवत नाही.

रविवारी पाहुणे आले. काकांनी कणसं भरली, पेटवली, झाकणाच्या कडेला ओली माती थापली. आधी पांढरा धूर, मग निळसर ज्योत. काकूंनी पातेली चढवली. साडू खुर्ची ओढून, सिलिंडरवर हात ठेवून बसले, जणू नातवाला सांभाळतायत. काकांनी हात मागे बांधले. मग खिशात घातले. मग ते नुसते झाकणावरची माती ठीक करायला म्हणून पुढे झाले.

"अहो," काकूंनी हाक मारली. त्या घरातून जुनी ट्रंक ओढत आणत होत्या, तीच लग्नातली. "चांगल्या ताटल्या हिच्यात राहिल्या आणि किल्ली सापडत नाही. पाहुण्यांना काय हातावर वाढू?"

काकांनी एकदा पिंपाकडे पाहिलं, एकदा कुलपाकडे. मग काकूंच्या केसातली पिन मागून घेतली. हात थरथरत होता. पिन आत जायची आणि निसटायची. साडू म्हणाले, "दादा, हातोडी देऊ का?" कान कुलपाला लावून काका जगाला विसरले. पिंप घुसमटत राहिलं, ज्योत डोलत राहिली, रस्सा उकळला, भाताने आयुष्यात पहिल्यांदा पुरती वाफ घेतली. काकूंनी पातेली उतरवली आणि त्याच वेळी कट्‌ असा आवाज आला.

ट्रंकेत ताटल्या नव्हत्याच. तळाशी कुलपाची किल्ली होती आणि शेजारी भुवया काढायची काळी पेन्सिल.

"कुलूप दाबलं की बसतं," काकू म्हणाल्या, "लावायला किल्ली लागत नाही."

काकांनी हातातल्या पिनेकडे पाहिलं. हात अजून थरथरत होता, पण कुलूप उघडलं होतं. त्यांनी बायकोसमोर चेहरा पुढे केला आणि तिने जेवणाआधी दोन्ही भुवया काढून दिल्या. डावी जरा वर गेली, त्यामुळे त्या दिवशी काका अखंड आश्चर्यचकित दिसत होते.

साडूंनी दोनदा भात घेतला. मग हात धुऊन पिंपापाशी गेले आणि म्हणाले, आत असतं तरी काय, आणि झाकणाला हात घातला.

काकांनी तो हात हळूच बाजूला केला.

"असू द्या," ते म्हणाले. "बंद आहे तेच बरं आहे."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी आणायला काका स्वयंपाकघरात गेले. जाता जाता दुधावरचं झाकण तेवढं उचलून पाहिलं.