हात्सुएआजींचं पहिलं पाणी

तोमोए हिरागा तशी कुणाच्या बापाला भ्यायची नाही. छप्पन्न वर्षांची बाई, तीस वर्षं घरोघरी पाण्याचे पाइप जोडत आलेली. उत्तरेतल्या नायोरो गावच्या हिवाळ्यात उघड्या हाताला पाना चिकटतो, तिथं ही बया छपरावर चढून नट आवळायची. पण त्या सकाळी नऊ वाजता ओइकावा आजोबांचा फोन आला आणि ती अर्धा चहा टाकून उठली.

"तुझं ते सोंग मेलं!" आजोबा ओरडले. "दुपारी हात्सुए घरी येतेय आणि टबात थेंब पडत नाही!"

सोंग म्हणजे हीट पंप. रॉकेलचा बॉयलर काढून तो तोमोएनंच गेल्या उन्हाळ्यात बसवला होता. "बाहेर उणे पंचवीस, आणि हा म्हणे त्या हवेतून ऊब काढणार! मायावी कोल्ह्याची करणी आहे काय?" म्हणत आजोबा महिनाभर अडून बसले होते. शेवटी तोमोएनं त्यांच्या हातात सायकलचा पंप दिला. वीस दट्टे मारल्यावर पंपाचं बूड तापलं. "हवा कितीही गार असू दे, आजोबा, तिच्यात थोडी ऊब असतेच. मशीन ती गोळा करतं, दाबून वाढवतं, पाण्यात सोडतं." तेव्हा कुठे म्हातारा वळला, तोही बायकोनं, हात्सुएआजींनी, डोळे वटारल्यावर. वर अट घातलीच. एक दिवस जरी गरम पाणी मिळालं नाही, तर धूड उचलून न्यायचं.

धूड गेलं खड्ड्यात. हात्सुएआजी दोन महिने इस्पितळात होत्या आणि डॉक्टरांनी आजचा एकच दिवस घरी सोडलं होतं. काय करायचंय विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या टबात मानेपर्यंत बसायचंय." नर्स सोबत येणार, तीनला परत नेणार. पुन्हा सोडू असं कुणीही म्हणालं नव्हतं.

तोमोए पोचली तेव्हा पारा उणे अठ्ठावीसवर होता. भिंतीबाहेर मशीनचा पंखा फिरत होता. तिनं स्वयंपाकघरातला नळ उघडला, तर वाफाळतं पाणी आलं.

"मशीन ठणठणीत आहे. टाकीही गरम आहे. टबाकडे जाणारा पाइप गोठलाय."

"मग नळावरून बादल्या वाहू?"

"वाहिल्यात वाटतं?"

"सहा." आजोबांनी कंबर धरली. "सातवी भरेपर्यंत पहिली गार. सगळं ओतून दिलं."

पण हिवाळाभर गोठला नाही तो पाइप आजच कसा गोठला? कडाका पडला की मशीन टबातलंच पाणी त्या पाइपातून फिरवत राहतं, म्हणून तो गोठत नाही. तोमोएनं टबाकडे पाहिलं. टब रिकामा, लखलखीत होता.

"कालचं पाणी कुठाय, आजोबा?"

"काल संध्याकाळीच काढलं आणि टब घासला."

"अहो, पण का?"

म्हाताऱ्यानं मान फिरवली. "अठ्ठावन्न वर्षं रोज टबात आधी मी उतरलो, आणि माझ्यामागून ती, माझ्या उरलेल्या पाण्यात. म्हटलं आज तरी तिनं आधी उतरावं. कोऱ्या पाण्यात."

तोमोएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिवाळ्यात टब रिकामा ठेवायचा नाही हे तिनं बजावून सांगितलं होतं, पण फक्त आजींना. टबाचं सगळं बाईच बघते, पुरुषाला काय सांगायचं!

"चूक माझी आहे, आजोबा. तुम्हाला सांगायला हवं होतं. मशीन काढायचं तर काढा, पण आधी आजींची आंघोळ होऊ दे."

घराच्या जमिनीखालच्या पोकळीत ती पालथी शिरली. बोटभर जाडीचा पाइप हातभर गोठला होता. नळाच्या पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळायचे, गार झाले की बदलायचे. अकरा वाजले. साडेअकरा. मागून आजोबा उकळती किटली घेऊन रांगत आले.

"हात आवरा, आजोबा! उकळत्या पाण्यानं पाइप फुटला तर सगळंच संपलं!"

पावणेबाराला गाडी वाजली. पाइप अजून दगडच होता. आजींना शेगडीजवळ बसवल्याचा आवाज तिला वरून आला, मग आजींचा बारीक, खणखणीत सवाल: "तोमोए, ह्यांनी टब रिकामा केला का गं?"

तोमोएला हसू फुटलं आणि डोळेही भरले. ती टॉवेल बदलत राहिली. साडेबाराला पाइपात काहीतरी गुडगुडलं, आणि वर टबात पाणी पडू लागलं.

आजी अर्धा तास मानेपर्यंत बसल्या. आजोबा दाराबाहेर उकिडवे. लालबुंद होऊन बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, "अहो, पाणी काढू नका. आता तुम्ही उतरा." आणि म्हातारा निमूटपणे बायकोच्या उरलेल्या पाण्यात उतरला.

नऊ दिवसांनी आजी गेल्या. सगळं आटोपल्यावर तोमोए मशीन काढायचं का, हे विचारायला गेली. थंडी मोडली होती, पागोळ्या टपटपत होत्या. ती आधी न्हाणीघरात डोकावली. टबावर झाकण होतं. तिनं उचललं, तर आत काठोकाठ आजींच्या आंघोळीचं तेच पाणी.

"काढलं नाही मी," आजोबा घाईघाईनं म्हणाले. "पाइप गोठेल ना."

तोमोएनं बाहेरच्या पागोळ्यांकडे पाहिलं आणि झाकण परत ठेवलं.

"राहू द्या, आजोबा. रात्री गारठा पडेल."