टाकीजवळची रेंज

आमच्या शेजारच्या मालवणी काकूंच्या घरी चांगलं वायफाय आहे. तरी फोन वाजला की त्या चपला घालतात आणि जिन्यात जाऊन बोलतात. तिथे आवाज तुटतो, पण सवय जात नाही. त्यांच्या गावी रेंज फक्त विहिरीपाशी मिळते, त्यामुळे अख्खी वाडी फोन घेऊन तिथेच जमते.

"कोणाची म्हस व्याली, कोणाच्या सुनेक दिवस गेले, सगळा थयच कळता," त्या मला सांगतात. "हंय तू भिंतीपलीकडे रवतस, पण तुझा काय कळता गो? जेच्या-तेच्या घरात नेट!"

परवा रस्ता खोदताना केबल तुटली आणि आमच्या बिल्डिंगची वाट लागली. घरात मोबाइलला रेंज नाहीच, सगळं वायफायवर चालतं. काकूंनी सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीजवळ, जिथे थोडी रेंज येत होती, रांगेत उभं केलं.

"एकेकान बोला! बाकीच्यांनी पाठ फिरवा. दुसऱ्याचा आयकू नये!"

आम्ही पाठ फिरवली. माझा नंबर आला, मी बहिणीशी बोलले आणि फोन ठेवला.

"तुझी सासू किती दिवस रवतली गो?" काकूंनी विचारलं. पाठ त्यांनी फिरवली होती, कान नाही.

सगळे हसले. मग वरच्या मजल्यावरचीने आपल्या सासूचं काढलं, तिच्या शेजारणीने जावेचं. फोन खिशात गेले. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "नेट आलं!" क्षणात गच्ची रिकामी झाली.

टाकीजवळ काकू एकट्याच उरल्या.

"एवढ्यात नेट इला?" त्या म्हणाल्या.