पुढचे तीन महिने कसे वाटतात?

किस्से आम्हाला शोधावे लागत नाहीत, फोन लावला की समोरून येतात! सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात आम्ही तीन बायका दर महिन्याला कारखानदारांना, व्यापाऱ्यांना विचारतो, "पुढचे तीन महिने धंदा कसा वाटतो? चांगला, तसाच की खराब?" सगळ्या शहरांची उत्तरं मिळून देशातल्या धंदेवाल्यांचा विश्वास वाढला की घटला ते ठरतं. पेपरात दोन ओळी येतात. आम्ही मात्र त्या माणसांचे आवाज ऐकलेले असतात. त्यात माझे मिस्टर बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत फिटर. कुणी "खराब" म्हणालं की मी आधी पत्ता बघते, बुटीबोरीचा तर नाही ना!

*

कन्हानचे एक भांडीवाले खुशीत म्हणाले, "चांगला!" लगेच बायकोने फोन हिसकावला.

"बाई, चांगला लिहू नोका! नजर लागते. खराब लिहा!"

"अहो, पण ते तर आत्ता..."

"ते भोळे आहेत. सगळ्याइले सांगत फिरतात!"

*

हिंगण्याचे एक वर्कशॉपवाले ओरडूनच म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास!" थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, मघाशी कामगार समोर उभे होते. खराब लिहा."

"आता कुठून बोलताय?"

"संडासातून!"

आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर मी "चांगला"वरची खूण खोडून "खराब"वर केली.

*

नरखेडचे संत्र्याचे व्यापारी भलतेच सावध. "बाकीचे काय म्हणून राहिले ते सांगा. मी बी तेच म्हणतो."

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या प्रतिभाताई म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, काका."

"म्हणजे खराबच असन! चांगलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही!"

चार दिवसांनी त्यांना संत्र्यांची खोकी पुरवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "खराब लिहा. नरखेडची ऑर्डर कॅन्सल झाली ना! त्याइले कुठून तरी आतली खबर लागली म्हणे."

प्रतिभाताईंनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

*

विश्वासाचा आकडा सारखा घसरायला लागला तेव्हा आमच्या शालूने धीर करून साहेबांना विचारलं, "सर, आपलं ऑफिस तर राहील ना?"

साहेब म्हणाले, "हा प्रश्न आपल्या फॉर्मात नाही!"

*

गेल्या महिन्यात प्रतिभाताई सुट्टीवर होत्या, म्हणून त्यांचे नंबर मला आले. पहिलाच नंबर माझ्या मिस्टरांच्या गिरणीच्या मालकांचा! एक पाळी बंद होणार अशी तिथे कुजबुज होती आणि मालक कुणाला काही सांगत नव्हते. हे घरी धड जेवत नव्हते. मी फोन लावला.

"नमस्कार सर. पुढच्या तीन महिन्यांत कामगार वाढतील, तेवढेच राहतील की कमी होतील?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि मशिनी ऐकू येईनाशा झाल्या.

"मॅडम, पहिले तुम्ही एक सांगा. तुमच्या घरचं कोणी बुटीबोरीत कामाले आहे का?"

"काहून, सर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"असंच. सांगा ना."

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं बाप्पा!" ते म्हणाले. "मग खरं सांगतो. लिहा."