बंदरावरच्या मिस्त्रीने केलेले ब्रेक

नोकरीतल्या बऱ्याचशा केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मासळीच्या त्या टेम्पोची मात्र जशीच्या तशी आठवते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता आणि मी मालवण भागात फौजदार होतो.

कुडाळच्या बाजाराला निघालेला टेम्पो उतारावर सुटला आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका शेतकरी बाईला ठोकरून दगडी कुंपणाच्या गडग्यावर आदळला. बाई जागीच गेली. मी पोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला माडाला बांधून ठेवले होते. "पिऊन होता," असे जो तो छातीठोकपणे सांगत होता. अपघाताच्या जागी पाहणारे कमी आणि सांगणारे जास्त, हा माझा नेहमीचा अनुभव. बाईचा नवरा एवढेच म्हणाला, "ह्येका सोडू नका, सायबानू."

ड्रायव्हर मला सांगू लागला, "पेडल तळाक गेला, सायबानू. मी दारू पिवक नाय."

ब्रेक लागला नाही, हे तर प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. पण पंचनाम्याच्या वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये सापडली. उतारावर गिअर उतरवून गाडी आवरू पाहणारा माणूस शुद्धीवर असतो. डॉक्टरांनीही दारूचा वास नसल्याचे लिहून दिले. तरीही निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम ३०४-अ लागलेच. ब्रेकचे कारण सापडले नाही, तर हा माणूस तुरुंगात जाणार हे मला दिसत होते.

खबर दिली नाक्यावरच्या चहावाल्याने. कप विसळता विसळता तो हळूच म्हणाला, "त्या टेम्पोचे ब्रेक बंदरावरच्या मिस्त्रीन केल्यानी हत."

हा मिस्त्री मासेमारीच्या लाँचींच्या इंजिनांचा नावाजलेला कारागीर. बंद पडलेले इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मासळी टेम्पोतून जाऊ लागल्यावर टेम्पोही त्याच्याचकडे येऊ लागले. मी त्याला ठाण्यात बोलावले. दरडावण्याची वेळच आली नाही, उलट गडी ऐटीत बसला.

"ब्रेकात तेल कमी झाल्ला. मी भरलंय."

"कुठले तेल?"

"लाँचीच्या इंजिनाचा. एकदम बरा तेल!"

"ब्रेकचे तेल वेगळे असते, हे ठाऊक नव्हते?"

"लाँचीक ब्रेक खंय आसता, सायबानू?"

मला हसू आले नाही. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून त्याच्यासमोरच ब्रेकचा पंप उघडला. आतले रबरी वॉशर त्या तेलाने फुगून लिबलिबीत झाले होते, त्यांना दाब धरवत नव्हता. निरीक्षकांनी एक त्याच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रीने तो दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

आता हा हात जोडणार, असा माझा अंदाज होता. तो ताडकन उठला. "आणखी टेम्पोंनी मी ताच तेल घातलंय. आधी ते अडवा, मगे माका आत टाका!"

आम्ही त्याला जीपमध्ये घालून नाका गाठला. तो गाड्या ओळखून दाखवत होता, शिपाई शिटी मारून अडवत होते. एका टेम्पोत बाजाराला निघालेल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. निरीक्षकांनी पेडल दाबले, तर ते थेट तळाला गेले. पुढे उतारच होता. बायका मात्र बाजार चुकला म्हणून मलाच बोल लावत होत्या.

ड्रायव्हर सुटला. मिस्त्रीवर खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगून परत आला. तेव्हापासून कुठल्याही अपघातात, गाडी कोणी दुरुस्त केली होती, हे मी आधी विचारू लागलो. मिस्त्री भला माणूस होता, कामचुकार नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. माणसाला आत टाकून रस्ता सुरक्षित होत नाही, हे मला त्याच्यामुळे कळले.

निरीक्षकांच्या मागे लागून मी मिस्त्री लोकांसाठी शाळेच्या पडवीत ब्रेकचे वर्ग सुरू करून घेतले. पहिल्याच दिवशी हा मिस्त्री उभा राहिला. "माझ्या हातान एक बायलमाणूस मेला," म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मयत बाईचा नवरा मागे खांबाला टेकून उभा होता. त्याला कोणी बोलावले, मला अजून माहीत नाही.

"बस रे मिस्त्री," नवरा म्हणाला. "आधी शीक."

मिस्त्री बसला आणि निरीक्षकांनी शिकवायला सुरुवात केली.