तीन हंड्यांचं वाक्य

“तुमीच दाखवली सर तिला, आन् आता तुमीच म्हणताव नेऊ नका!”

“मी दाखवली? रुक्मिणीबाई, मी काय शाळेत बाजार मांडलाय का?”

“मग कावून उभी केली सगळ्या गावापुढं? आमी म्हणलं होतं का?”

“अहो, कौतुक केलं मी पोरीचं!”

“झालं की मग कौतुक. पटलं सोयऱ्यांना.”

दहावीच्या वर्गात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मधली सुट्टी होती म्हणून नव्हे. सुट्टी संपली तरी मागचे बाक रिकामेच राहायचे. दिवाळी होऊन गेली होती. उत्तरेश्वर सरांच्या हातातला खडू मघाच मोडला होता आणि त्याचे दोन तुकडे ते बोटांत नुसतेच फिरवत होते. समोर द्वारकाची आई, रुक्मिणीबाई, डोक्यावरचा पदर कानामागं खोवून उभी. बाकावर बसा म्हटलं तरी ती बसली नव्हती.

“मार्चपर्यंत राहू द्या तिला,” सर आवाज खाली आणून म्हणाले. “आमच्या घरी राहील. विमल आहे ना घरात. पेपर झाले की मग काय करायचं ते बघू.”

“विमलबाई गुणाची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर मागं ठेवलेल्या पोरीचं काय होतंय ते तुमाला काय ठावं? गेल्या साली ठेवली होती एकलीला, ह्या शाळंसाठीच. दिवस मावळला की कुणीतरी कडी वाजवायचं. पोरगी उशाला इळा घेऊन निजायची. आमी तिकडं उसाच्या फडात. आमाला कळलं कवा, तर परत आल्यावर.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमाला सांगून काय, कडी वाजवणाऱ्याला तुमी विंग्रजी शिकवणार होताव?”

 मग जे शेवटचं म्हणून राखून ठेवलं होतं, ते सरांनी काढलं.

“सोळाव्या वर्षी लग्न म्हणजे गुन्हा आहे, रुक्मिणीबाई. कायदा आहे.”

“हाय की. त्या कायद्याला म्हणावं, ये आमच्या दारात आन् कडीपाशी जागा राहा.”

सिरसाळ्याच्या पुढं बालाघाटाच्या माळावर हे गाव. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. उत्तरेश्वर सर मूळचे उमापूरकडचे, पण तेही अशाच घरातले. आईबाप फडावर गेले की ते आजीजवळ राहायचे, शाळेसाठी. धाकट्या भावंडांना फडावर सांभाळायला कुणीतरी लागायचं, म्हणून बहीण सुंदर जायची. सुंदरची पाटी त्या घरात बरेच दिवस भिंतीला टेकून होती, पुढं तिच्यावर आजी पापड लाटायला लागली. सर शिकले, मास्तर झाले, इंग्रजीचे झाले. सुंदर आज कुठल्याशा कारखान्याच्या फडात उसाच्या पाचटाच्या खोपटात, कोपीत राहते, आणि भाऊबीजेला आली की भावाच्या पोरांची पुस्तकं नुसती हात फिरवून बघते. सरांनी त्यावर कधी कुणाशी भाषण केलं नाही. पण दरवर्षी दिवाळी जवळ आली, की ते एखादी तरी पोरगी मागं राहावी म्हणून दारोदार जायला लागायचे. गाव त्यांना हसायचं. “आलं बघा, पोरी मागायला आलं मास्तर.”

त्यांचा जीव असायचा एकाच धड्यात. दोन वाक्यांचं एक वाक्य करायचं, मधे ‘हू’ नाहीतर ‘विच’ घालून. हा धडा ते फळ्यावर शिकवायचेच नाहीत. पोरांना उभं करायचे.

“आश्रुबा, तू पहिलं वाक्य. ‘धिस इज द बॉय.’ रामकिसन, तू दुसरं. ‘द बॉय मेंड्स पंप्स.’ आता मला सांगा, ‘बॉय’ किती झाले?”

“दोन, सर!”

“माणूस किती?”

“एकच, सर. आश्रुबाच!”

“मग हा दुसरा बॉय फुकटचा आलाय का नाही? बस रे तू खाली. आणि त्याच्या जागी कोण येणार?”

त्याच्या जागी यायचा ‘हू’. हू झालेल्या पोरानं गळ्यात सरांचा लाल मफलर घालायचा आणि आश्रुबाच्या पाठीशी, अगदी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. मधे कुणाला शिरू द्यायचं नाही. ‘आश्रुबा इज द बॉय हू मेंड्स पंप्स.’ पोरं हसून लोळायची, पण विसरायची नाहीत.

एक चूक मात्र सगळे करायचे. ‘हू गर्ल ब्रिंग्ज वॉटर, शी इज माय सिस्टर.’ जी पोरगी पाणी आणते, ती माझी बहीण. तसंच्या तसं इंग्रजीत ओतलेलं. सर रागवायचे नाहीत.

“आपल्यात काय असतंय,” ते सांगायचे, “आधी काम सांगायचं, मग माणूस. जो राबतो, तो अमका. इंग्रजीत आधी माणूस उभा करायचा. सगळ्यांनी त्याला नीट बघितलं, की मग त्याच्याबद्दल काय ते बोलायचं.”

“कावून सर?” पहिल्या बाकावरून द्वारका.

“काय कावून?”

“माणूस आधी कावून?”

 ही द्वारकाची खोडच होती. दुष्काळ कावून पडतो, टँकर वरच्या आळीला आधी कावून जातो, आन् कॉमा कावून देतेत. तिच्या कावूनला वर्ग वैतागायचा. सर मात्र घरी जेवताना बायकोला, विमलबाईंना सांगायचे, “आज पोरीनं मला पार गप केलं.”

त्या साली पाऊस झाला नव्हता. सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, कारण भागात ऊसच नव्हता. मोहनराव त्या कारखान्याचे चेअरमन आणि शाळेच्या संस्थेचेही अध्यक्ष. एरवी जवळच्या जवळ तोडणी मिळणारी माणसंही आता लांब, खाली कर्नाटकापर्यंत जाणार होती. तेव्हा मोहनरावांनीच काढलं, की माणसं पांगायच्या आधी दसऱ्याच्या सुमाराला शाळेचं संमेलन घ्यावं. सगळं गाव जमणार म्हणजे तोडणीच्या टोळ्या नेणारे मुकादमही जमणार.

सरांनी ठरवलं, प्रत्येक पोरानं उठून स्वतःवरचं एक वाक्य बोलायचं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. द्वारकासाठी त्यांनी वाक्य केलं होतं: ‘द्वारका इज द गर्ल हू आस्क्स व्हाय.’ जी विचारते, असं का. आठवडाभर तिनं ते घोकलं. मफलरवाल्या हूला जागच्या जागी दटावून उभं केलं.

आदल्या दिवशी सरांनी ते बदललं. सतरंज्यांवर बसलेलं गाव त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. प्रश्न विचारणारी पोरगी? तोंडाळ म्हणतील. घरी गेल्यावर बाप फटकावेल. गावाला पटेल, आईबापाची मान ताठ होईल, असं काहीतरी हवं. आणि त्या दिवसांत गावाच्या तोंडी पाण्याशिवाय विषय होता कुठं?

संमेलनात द्वारका उठली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “द्वारका इज द गर्ल हू कॅरीज थ्री पॉट्स फ्रॉम द टँकर.” आणि मग, “जी टँकरवरून एका खेपेला तीन हंडे आणते, ती द्वारका.”

टाळ्या कडाडल्या. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मोहनरावांनी मान डोलावली. त्यांच्या मागच्या खुर्चीवर भगवानराव मुकादम बसले होते. ते पुढं वाकले.

“कुणाची वो ही?”

सरांनीच उत्तर दिलं. ऊर भरून आला होता त्यांचा.

“बद्रीनाथची थोरली. दोन डोईवर, एक कमरंवर. टँकर पार वेशीबाहेर थांबतोय, पण थेंब सांडत नाही.”

“असं म्हणताव? लई ताकदीची दिसती.”

“एक नंबर!” सर म्हणाले.

या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला टोळीत धड जागा नसते. भगवानरावांचा पुतण्या रामहरी त्या साली अर्धाच होता. टाळ्यांचा आवाज विरायच्या आत मुकादमांच्या मनात तो पुरा झाला होता. चार दिवसांत बद्रीनाथच्या ओट्यावर सुपारी फुटली, द्वारकाचं रामहरीशी लग्न ठरलं. आणि सर, भाबडा माणूस, तोवर मुख्याध्यापकांना विचारत होते, की पुढच्या वर्षीही संमेलनात हाच कार्यक्रम ठेवायचा का.

“भगवानराव सोता सांगत होते आमच्यात बसून,” रुक्मिणीबाई आता म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच सरांना सोसवेना. “म्हणले, मी कुठं बघाय गेलतो? मास्तरानंच सांगितलं, एक नंबर हाय म्हणून.”

सरांनी खडूचे तुकडे टेबलावर ठेवले.

दाराशी सावली हलली. द्वारका. तिनं हंडे बाहेर ओसरीवर ठेवले आणि चुंबळ हातात धरून आत आली. शाळेचा गणवेश नव्हता. हातात हिरवा चुडा होता, नवा, मनगटाला सैल.

“आई, टँकर यायलाय,” ती म्हणाली. मग सरांकडं बघत, “सर, एक इचारू?”

“विचार. विचार ना.”

“माझं आधीचं वाक्य कावून बदललं?”

“अगं, लोक तोंडाळ म्हटले असते तुला.”

“म्हणू द्यायचं होतं.” ती चुंबळीचा सुटलेला पदर पिळून घट्ट करू लागली. “तोंडाळ पोरगी मुकादमानं मागितली नसती.”

रुक्मिणीबाईनं पटकन तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर वाळलेलं कडूलिंबाचं झाड आणि त्याखाली कडबा नसलेली दोन जनावरं. 

“ऐक द्वारके,” सर टेबलामागून पुढं आले. “चुकलं माझं. पण अजून लग्न लागलं नाही, टोळीचा ट्रॅक्टर निघाला नाही. तू नुसतं म्हण. मी मोहनरावांकडं जातो. ते नाही म्हणाले तर ठाण्यात जातो. गेली नोकरी तर जाऊ दे. पण हे तुझ्या तोंडून पाहिजे. तुझ्या आईसमोर विचारतो. तुला जायचंय का?”

तुला काय पाहिजे, हे तिला त्या दिवसापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. बापानं नाही, आईनं नाही, आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी सरांनीही नाही.

द्वारकानं आईच्या पाठीकडं पाहिलं. लुगड्यावर खांद्याच्या जागी मोळ्या वाहून वाहून कापड विरलेलं होतं, तिथं ठिगळ होतं. ते ठिगळ द्वारकानंच लावलेलं.

वेशीकडून टँकरचा हॉर्न आला. गल्लीतून बायकांची पळापळ ऐकू येऊ लागली, भांड्यांवर भांडी आपटत.

“द्वारका,” सर म्हणाले, “हो की नाही?”

“आधी कावून न्हाई इचारलं, सर?” म्हणत तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, ओसरीवर जाऊन तिन्ही हंडे उचलले आणि हॉर्नच्या दिशेनं चालू लागली.