कळंबला मिळालेला इंग्रज साहेब

नव्वदच्या दशकात मी लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो आणि सुट्टीच्या दिवशी इंग्रज. म्हणजे रंगमंचावर.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एक हलकंफुलकं नाटक लिहिलं होतं. ब्रिटिश अमदानीत कालव्याच्या बंगल्यावर एक साहेब पाहणीला येतो. त्याला मराठी येत नाही, खानसाम्याला इंग्रजी येत नाही, आणि साहेब जे मागेल त्याऐवजी भलतंच काहीतरी त्याच्यापुढं येतं. साहेबाच्या कामासाठी सरांनी बारामतीच्या कॉलेजातला एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा तरुण शोधून आणला होता. माझ्याकडं पडदा ओढायचं काम होतं.

पहिला प्रयोग आमच्याच इंदापूर तालुक्यातल्या कळंबला, जयंतीच्या कार्यक्रमात. त्याच दुपारी निरोप आला की साहेबाला कांजिण्या झाल्यात.

सरांनी मंडपात एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "कपडे घाल. संवाद पाठ आहेत तुला."

"सर, माझा रंग तरी बघा," मी म्हणालो. आमचं अख्खं घर सावळं, आणि त्यात सगळ्यांत गडद मी.

"पावडर आहे. फक्त एक लक्षात ठेव, हसवायला जाऊ नकोस. साहेब विनोद करत नाही. साहेब अडचणीत आहे."

एप्रिलचा उकाडा, त्यात तोंडावर हॅलोजन. पहिला प्रवेश संपेपर्यंत पावडर गळ्यातल्या टायवर उतरली होती. पुढच्या रांगेतून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेबाचा रंग चालला की."

मंडपात खसखस पिकली. पुढचा संवाद मला आठवेना. मी रुमाल काढला, तोंड पुसलं, पांढरा झालेला रुमाल नीट बघितला आणि खानसाम्याला अगदी गंभीरपणे म्हणालो, "युवर इंदापूर सन. व्हेरी स्ट्राँग."

खानसामा झाला होता पिंपळीचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. तो काही अडखळणारा गडी नव्हता. कमरेत वाकून म्हणाला, "व्हय सायेब. अजून चार दीस ऱ्हावा, आमच्यातलंच हुताल."

त्यावर मंडप जो हसला, तो थांबायलाच तयार नव्हता. विंगेत उभे असलेले सर डोळे पुसत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती दोन वाक्यं नाटकात लिहून टाकली. कांजिण्यांतून उठलेल्या तरुणानं पुढचा प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहिला आणि आपणहून सरांना सांगितलं, "हे काम आता त्यालाच द्या."

मग जत्रा, गणपती, स्नेहसंमेलनं, जिथून बोलावणं येईल तिथं आम्ही गेलो. बसमधला कंडक्टर मला, "बोला साहेब, कुठलं तिकीट?" असं विचारू लागला. हे सुख तीन-चार वर्षं पुरलं. नंतर मला वाटू लागलं की आपण खरे नट असू, तर लोकांना रडवताही आलं पाहिजे.

बारामतीतल्या एका हौशी संस्थेनं स्पर्धेसाठी शोकनाट्य बसवलं होतं. त्यात मुलगा गमावलेल्या बापाचं काम मी मागून घेतलं आणि दोन महिने जीव तोडून तालमी केल्या. प्रयोगाला पडदा वर गेला. मी मान खाली घालून आलो, मुलाच्या फोटोसमोर बसलो. मागून आवाज आला, "आरं, सायेब हाय ह्यो." हसू सुरू झालं. मी रडलो तसं ते वाढत गेलं.

आबा, म्हणजे माझे वडील, तो प्रयोग बघायला गावाहून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी मी उसाच्या बांधावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आबा, लोक हसले."

"मी बी हसलो," ते म्हणाले.

मला इतकं लागलं की उठून जावंसं वाटलं. त्यांनी मला हातानंच बसवलं.

"तुझं साहेबाचं नाटक झालं, की दुसऱ्या दिशी बाया खुरपताना हसत असत्यात. येका सरीतली बोलती, दुसऱ्या सरीतली हसती. मी ऐकलंय ते. रडवायला लय जण हायेत, बाबा."

पुढच्याच रविवारी मी सरांच्या घरी गेलो. त्यांनी काही न विचारता नव्या प्रवेशाचे कागद माझ्या हातात दिले. साहेबाची मडम विलायतेहून येते, असा तो प्रवेश होता.

मडम काही मिळेना. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, तेव्हा सरांनी आहेर म्हणून तेच कागद माझ्या बायकोच्या हातात ठेवले. ती अंगणवाडीत शिकवायची, शंभर पोरांना गप्प करणारा तिचा आवाज होता. तिनं कागद वाचले आणि मला विचारलं, "ह्यात तुमच्यावर ओरडायचंय का?"

"बरंच."

"मग करते."

इंदापूरच्या प्रयोगात ती पहिल्यांदा उभी राहिली. फ्रॉक शिवायला वेळ झाला नव्हता, म्हणून नऊवारीवर विलायती टोपी घालून ती आली. माझ्यावर ओरडायला तिनं तोंड उघडलं, माझ्याकडं नीट पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ती आवरायला बघायची, परत फुटायचं. खानसामा पाणी घेऊन आला, तर त्याच्याकडं बघून आणखी. लोकही हसू लागले. मी मात्र साहेब होतो. हातात चहाची बशी धरून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, मी तिचं हसून व्हायची वाट बघत उभा राहिलो.