पाचवी गिन्नी केशोरीला आहे

माझे बाबा सोनार. गोंदियाच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जुन्या गिन्न्या मुशीत वितळवून बांगड्या, डोरली आणि कानातले केले. हे काम करताना त्यांनी चार गिन्न्या बाजूला ठेवल्या. तेवढ्याच वजनाचं दुसरं सोनं गिऱ्हाइकाला देऊन, रीतसर.

या चार गिन्न्यांवर विलायतेच्या राणीची तीन वयं आणि तिचा मुलगा आहे. पहिलीवर राणी तरुण, केस बांधलेली. दुसरीवर डोक्यावर छोटा मुकुट. तिसरीवर पदर घेतलेली म्हातारी. चौथीवर दाढीवाला राजा. मागे चौघांच्याही एकच घोडेस्वार. पाचवी हवी होती ती राणीच्या नातवाची, तीही मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली. तिच्या घोड्याच्या पायाखाली, जमिनीवर, एक बारीक अक्षर असतं. ते भिंगाशिवाय दिसत नाही, आणि भिंगातून बघूनही बहुतेकांना दिसत नाही, असं बाबा सांगायचे.

मी म्हटलं, नागपूरला व्यापाऱ्यांकडे मिळत असेल.

"विकत घेतलेली नको," बाबा म्हणाले. "माझ्या हातून गेलेली पाहिजे."

त्यांच्या हातून अशी एकच गेली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी केशोरीच्या एका लग्नात ती नवरीच्या गळ्यात घालायची होती. बाबांनी तिला वर कडी जोडून दिली होती. ती नवरी आता म्हातारी असणार आणि गिन्नी तिच्या गळ्यात असणार, याबद्दल बाबांना शंका नव्हती.

आम्ही बल्लारशाच्या पॅसेंजरने अर्जुनीला उतरलो आणि तिथून एसटीने केशोरीला गेलो. बाई अंगणात धान वाळवत होत्या. गिन्नी गळ्यात होती, काळ्या मण्यांत ओवलेली. बाबांनी नमस्कार केला आणि पाणी यायच्या आतच विषय काढला. बदल्यात जास्त वजनाचं सोनं देतो, घडणावळ घेत नाही.

"कायले पायजे तुमाले?" बाईंनी विचारलं.

"संच पुरा करायचा आहे."

"कशाचा संच?"

बाबांनी राणीची तीन वयं सांगितली, मुलगा सांगितला, नातू सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यायच्या घरचे सारे लोक तुमच्याकडं हायेत, अन् एक माह्याकडं."

"हो."

"मंग राहू द्या ना एक माह्याकडं."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तवा माह्या बापानं भोक पाडाले सांगितलं होतं. तुमी भोक नाही पाडलं, कडी लावली. तवाच डोळा होता का तुमचा?"

"होता," बाबा म्हणाले.

बाईंनी आम्हाला जेवायला घातलं. परतीच्या गाडीत बाबा अर्जुनी ते गोंदिया काही बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नाहीत.

मी ज्या वाचनालयात काम करते, तिथे वर्धापनदिनाला सभासदांच्या जुन्या वस्तू मांडायचं ठरलं. बाबांनी सागवानी पेटी करून घेतली, आत लाल मखमल लावली आणि पाच गोल कोरले. मी मदत म्हणून आदल्या दिवशी दाढीवाला राजा भांडी घासायच्या पावडरीने धुतला.

बाबांनी तो कडेने धरून भिंगाखाली घेतला. बराच वेळ पाहिला.

"चमकतो आहे," ते म्हणाले.

जुन्या नाण्याला हात लावायचा तो फक्त कडेला, पुसायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही, हे त्यांनी मला नंतर समजावलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. राजाच्या गालावर केसासारखे बारीक ओरखडे उठले होते आणि ते आता कधीच जाणार नव्हते. मला रडू आलं. बाबांनी राजा त्याच्या जागी ठेवला.

वर्धापनदिनी एका टेबलावर पायली-कुडवाची जुनी मापं, एकावर पोस्टाची तिकिटं आणि एकावर बाबांची पेटी. बाबा शेजारी खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. लोक यायचे, विचारायचे, "असली है क्या?" बाबा मान हलवायचे. मग चौथ्या गिन्नीकडे बोट दाखवून स्वतःहून सांगायचे, "ही माझ्या मुलीने धुतली." प्रत्येकाला सांगितलं. माझ्या मुख्य ग्रंथपालांनाही.

पाचवा गोल रिकामा होता. त्याखाली बाबांनी चिठ्ठी लावली होती, 'मुंबई टाकसाळ. सध्या केशोरीला.'

अकराच्या सुमाराला केशोरीच्या बाई सुनेला घेऊन आल्या. मीच पत्र टाकलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी चारही गिन्न्या नीट पाहिल्या, तिसरीजवळ थांबल्या, "हिनं डोक्शावर पदर घेतला," म्हणाल्या. मग रिकाम्या गोलाखाली काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं.

"हे कायले लिवलं? गावात चोर येतीन ना!"

बाबांनी चिठ्ठी काढून खिशात घातली.

बाईंनी गळ्यातली पोत काढली, गिन्नी मण्यांतून मोकळी केली आणि मखमलीवर ठेवली. "चार वाजेपर्यंत. माही गाडी हाये."

कडीमुळे ती गोलात बसेना. बाबांनी कोरणी काढली, मखमलीला वरून कडीपुरती खाच पाडली. घोड्याची बाजू वर करून गिन्नी बसवली आणि हात मागे घेतला. पाच झाल्या. त्यानंतर आलेल्यांना त्यांनी माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. भिंग मात्र सगळ्यांना दिलं. बाईंनी दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांना अक्षर दिसलं. चाळीस वर्षं छातीवर होतं, म्हणाल्या, अन् मले मालूम नाही.

चार वाजता त्यांनी गिन्नी उचलली, मग बाबांना म्हणाल्या, "कडी झिजून राहिली. पडीन कोठी तरी. बदलून द्या."

दुकान जवळच होतं. बाबांनी जुनी कडी कापली. आता त्यांच्या तळहातावर नुसती गिन्नी होती, वर जोडाची छोटीशी खूण सोडली तर जशी टाकसाळीतून आली तशी. सून बाहेर शेजारच्या दुकानातल्या चपला बघत होती. बाई पंख्याखाली डोळे मिटून बसल्या होत्या. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी गिन्नी चिमट्यात उलटसुलट केली, एकदा घोडा, एकदा नातू.

मग त्यांनी डब्यातून तार काढली. मी दागिन्यांच्या घरात वाढले आहे, तारेची जाडी मला कळते. त्यांनी सगळ्यात जाड तार घेतली. जोड धरावा म्हणून टाकणखार लावला, फुंकणीने ज्योत धरली आणि कडी अशी जोडली की ती काढायची तर गिन्नी मोडावी लागेल.

"एवढी जाड?" मी हळूच विचारलं.

"पडायला नको," बाबा म्हणाले.

बाईंनी गिन्नी ओवून गळ्यात घातली आणि दोन झटके देऊन पाहिली. निघाली नाही. मग त्यांनी पिशवीतून नव्या तांदळाची पुडी काढून बाबांच्या गादीवर ठेवली आणि गाडी किती नंबरावर लागते ते मला विचारलं. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. गाडी पाऊण तास उशिरा होती.